चार नंबरची दुसरी चावी

मास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. शिकायला गेले तेव्हाही सहावीपुढे टिकले नव्हते. पण ट्रक चालवण्यात एकतीस वर्षं काढलेली, कंपनीतले निम्मे ड्रायव्हर त्यांच्याच शेजारी बसून गिअर टाकायला शिकलेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. ते नाव त्यांना इतकं गोड लागायचं की घरी बायकोनेही कधी तसंच म्हणावं, असं त्यांना वाटे. ती म्हणत नसे. "तुम्ही मला काय शिकवलंत?" ती विचारायची. "जे काही शिकवलं ते मीच तुम्हाला शिकवलं."

एकतीस वर्षांत एक अपघात नाही, हे मास्तर दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायचे. ऐकणाऱ्याने आधी ऐकलेलं असलं तरी त्यांची हरकत नसायची.

एवढ्या वर्षांत धंद्याचं रंगरूप मात्र पार पालटलं होतं. पूर्वी एका गाडीवर दोघं ड्रायव्हर असायचे. एक चालवायचा, दुसरा मागच्या फळीवर झोपायचा. ती जोडीची पद्धत बंद झाली. मग गाडीत एक यंत्र आलं. तुम्ही किती तास चालवलंत, किती वेळ थांबलात, सगळं ते मोजायचं. मग फोनवर वेळ यायला लागली. अमुक गोदामाच्या फाटकावर एक वाजून चाळीस मिनिटांनी हजर व्हा, दहा मिनिटं उशीर झाला की तुमची पाळी गेली. आणि ड्रायव्हरांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पडदा लागला. वेळेवर पोचणाऱ्याचं नाव हिरवं, चुकणाऱ्याचं लाल. नवीन पोरं नोकरीला यायची, तो पडदा आठवडाभर बघायची आणि दुसरं काहीतरी शोधायला जायची. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून साहेब डोकं धरून बसायचे.

सगळ्यांत शेवटी कॅमेरा यायचा होता. काचेला आतून चिकटवायचा, अंगठ्याएवढा, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणारा. त्यावर मात्र मास्तरांचं डोकं फिरलं. वीसेक ड्रायव्हर पाठीशी घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब," ते म्हणाले, "ज्याच्या शब्दावर तुम्ही अख्खी भरलेली गाडी सोडता, त्याच्या तोंडासमोर डोळा कशाला लावता? आमचा शब्द घ्या. ज्या दिवशी तो खोटा निघेल त्या दिवशी खुशाल लावा."

मागच्या वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. साहेब वयाने मास्तरांच्या मुलासारखे, त्यात मनाने भिडस्त. त्यांनी कॅमेरे सहा महिने पुढे ढकलले, वर मास्तरांना थांबवून घेऊन म्हणाले, "मास्तर, पुढच्या महिन्यापासून तुम्ही गाडी सोडा आणि नव्या लोकांना शिकवायला या. तुमच्यासारखा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे हवा." त्या दिवशी मास्तर घरी गेले ते हवेतच. खरोखरचे मास्तर होणार होते ते.

आता एका खुंटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

गोदामाचा डॉक म्हणजे गाडीच्या पाठीच्या उंचीचा एक लांबलचक सिमेंटचा ओटा. गाडी मागे घेत त्याला टेकवायची, दारं आधीच सताड उघडलेली. ओटा आणि गाडी यांच्यामध्ये एक जाड लोखंडी पत्रा टाकतात आणि त्यावरून फोर्कलिफ्ट मालाची पॅलेट, म्हणजे लाकडी फळीवर रचलेला माल, घेऊन आत-बाहेर करते. पत्र्याखाली चार फुटांची पोकळी. अशात गाडी पुढे सरकली तर फोर्कलिफ्टवाला सरळ खाली. म्हणून रीत अशी, की गाडी टेकवल्याबरोबर ड्रायव्हरने चावी काढून खिडकीत द्यायची. आतली बाई ती गाडीच्या नंबराच्या खुंटीला अडकवणार आणि वहीत वेळ लिहिणार. माल भरून झाला की चावी आणि कागद एकदमच परत. चावी खुंटीवर आहे तोवर गाडी हलत नाही, एवढ्याच भरवशावर माणूस त्या पत्र्यावर चाक घालतो.

मास्तरांची गाडी चार नंबरची. आणि चार नंबरला चाव्या दोन होत्या.

दुसरी चावी त्यांच्या जोडीदाराची. अकरा वर्षं दोघांनी ती गाडी मिळून चालवली होती. मग जोडीदार रस्ते विसरायला लागला, नंतर माणसं विसरायला लागला, आणि एक दिवस भरली गाडी आपण कुठे न्यायला निघालोय हेच त्याला सांगता येईना. त्याला घरी बसवलं. पुढे कंपनीने सगळ्या दुसऱ्या चाव्या परत मागितल्या, तेव्हा मास्तरांनी लिहून दिलं, "जोडीदाराकडून हरवली." बिचारा स्वतःच हरवत चालला होता, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नाही. चावी मास्तरांच्या पँटच्या आतल्या खिशात राहिली. डॉकवर दोन-दोन तास गाडी उभी. चावीशिवाय पंखा चालत नाही, रेडिओ लागत नाही. त्यात कसलं आलंय पाप, असं मास्तरांना वाटायचं.

खिडकीतली बाई म्हणजे त्याच जोडीदाराची मुलगी. ड्रायव्हर तिला चावीताई म्हणायचे. बापाला घरी बसवल्यावर मास्तरांनीच रदबदली करून तिला तिथे चिकटवलं होतं. सहा वर्षांची असल्यापासून ती त्यांना काका म्हणायची. दिवसा शेजारीण तिच्या बापावर लक्ष ठेवायची आणि ही खुंट्यांवर. पाच वर्षांत तिने एकही चावी चुकीच्या हातात दिली नव्हती.

त्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, मास्तर केबिनमध्ये पंखा लावून बसले होते. त्या आठवड्यात त्यांची पाळी दोनदा चुकली होती. चूक त्यांची नव्हती, दोन्ही वेळा पुलावर गाड्या अडल्या होत्या; पण पडद्याला पूल कळत नाही. भिंतीवर त्यांचं नाव लाल झालं होतं आणि परवाच नोकरीला लागलेलं एक कार्टं त्याकडे बघून "मास्तर नापास" म्हणालं होतं. ते मास्तरांना फार लागलं होतं. फोन सांगत होता, पुढच्या फाटकावर एक वाजता हजर व्हा. रस्ता पंचेचाळीस मिनिटांचा. घड्याळात बारा वाजून सात.

मास्तरांची एक खासियत होती. आरशात न बघता, नुसत्या पाठीला जाणवणाऱ्या दणक्यांवरून ते पॅलेट मोजायचे. फोर्कलिफ्ट गाडीत शिरली की गाडी एकदा दबते. असे सव्वीस दणके झाले की गाडी भरली. ही विद्या त्यांनी किती जणांना शिकवली होती! चोवीस झाले, पंचवीस झाले, आणि मग सव्वीसावाही बसला.

झालं, मास्तर म्हणाले. आता कागद तयार व्हायला पाच मिनिटं. तोवर गाडी हातभर पुढे घेतली तर मागची दारं लावून मोकळं होता येईल. डॉकला टेकलेल्या गाडीची दारं काही लागत नाहीत. मग खिडकीतून चावी आणि कागद घेतले की सुटलोच. याआधी दोन-तीनदा त्यांनी असं केलं होतं आणि कुणाला पत्ताही लागला नव्हता. त्यांनी खिशातली चावी फिरवली आणि गाडी हातभर पुढे घेतली.

दणके सव्वीस झाले होते, पण पॅलेट पंचवीसच झाल्या होत्या. मध्ये एक पॅलेट कलली म्हणून फोर्कलिफ्टवाला ती नुसती सरळ करायला रिकामाच आत येऊन गेला होता. सव्वीसावी पॅलेट घेऊन तो आत्ता पत्र्यावर होता.

आवाज असा झाला की अख्ख्या गोदामातली माणसं तिकडे धावली. फोर्कलिफ्टवाल्याला सगळे लंबू म्हणायचे, पायच तेवढे लांब होते त्याचे. त्यातला एक पाय फोर्कलिफ्ट आणि ओटा यांच्यामध्ये सापडला होता. तो ओरडत नव्हता. "गाडी कशी हलली? गाडी कशी हलली?" एवढंच विचारत होता.

मास्तर केबिनमधून उतरले. डॉकवर जायचा जिना चावीच्या खोलीतूनच होता. खोली रिकामी, चावीताईही लंबूकडे धावली होती. समोर खुंट्यांची रांग. चार नंबरच्या खुंटीवर लाल दोऱ्याची चावी स्वस्थ लटकत होती. मास्तर तिथे किती वेळ थांबले? पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो. त्यांचा हात पुढे झाला, चावी खिशात गेली, आणि पाय जिन्यावर चढायला लागले. हात माझा नव्हताच, असं नंतर त्यांनी स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं. पण हात त्यांचाच होता. त्यावर त्यांच्या लग्नातलं घड्याळ होतं.

लंबूला गाडीत घालून दवाखान्यात नेल्यावर साहेब घामाघूम होऊन मास्तरांपुढे उभे राहिले. "मास्तर, चावी कुठेय?"

मास्तरांनी लाल दोऱ्याची चावी खिशातून काढून दाखवली.

"म्हणजे खिडकीतून दिली तुम्हाला? भरून व्हायच्या आधीच?"

आणि मास्तरांनी मान हलवली. तोंडातून चकार शब्द काढला नाही, नुसती मान हलवली, तीही अर्धवट. पण एकतीस वर्षांची मान ती. अर्धवट हलली तरी पुरली.

चावीताई दारातच उभी होती. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग ती वहीकडे धावली. वहीत चार नंबरची चावी घेतल्याची वेळ होती, दिल्याची नव्हती. तिने पान उलटं केलं, सुलटं केलं. "मी... मी लिहिल्याशिवाय देत नाही, साहेब," ती म्हणाली. मग मास्तरांकडे बघून तिचा आवाज खाली आला. "पण काका म्हणतात म्हणजे... मी मघाशी फोनवर बोलत होते. शेजारणीचा फोन होता, बाबा दार उघडून निघाले म्हणून. तेव्हाच दिली असेन का मी?" आणि मग, हे मास्तर मरेपर्यंत विसरणार नव्हते, ती पुढे येऊन त्यांचा हात धरून म्हणाली, "काका, तुम्हाला नाही ना कुठे लागलं? माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागला असता हो."

मास्तरांना वाटलं, या पोरीने त्यापेक्षा पायातली काढून मारली असती तर बरं झालं असतं.

चौकशी होईपर्यंत चावीताईला घरी बसायला सांगितलं. चौकशी शुक्रवारी अकराला. लंबूच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. पण पाय वाचला. चूक सिद्ध झाली तर चावीताईची नोकरी जाणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मास्तरांना कुणी काही विचारलं नाही. उलट ड्रायव्हर येऊन पाठ थोपटून जायचे. "नशीब, तुम्ही होता म्हणून हातभरच हलली. दुसरा असता तर दहा फूट नेली असती." मास्तर मान खाली घालून ऐकायचे आणि लोकांना वाटायचं, किती हा विनय.

घरी ते ताटावरून तसेच उठून जायचे. तिसऱ्या दिवशी बायकोने धुवायला टाकलेल्या पँटचे खिसे चाचपले.

"ह्या दोन-दोन चाव्या कशाला?"

"ठेव तिथे!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. बत्तीस वर्षांचा संसार. तिला किती कळलं आणि किती नाही हे तिने दाखवलं नाही. चाव्या टेबलावर ठेवून एवढंच म्हणाली, "त्या पोरीला भेटून या. अडचणीत आहे ती. तिथे जाऊन आलात की काय ते तुमचं तुम्हालाच सुचेल."

मास्तर चाव्या खिशात घालून गेले. जाताना आपण सगळं सांगून टाकणार आहोत असं त्यांनी जिन्यावर ठरवलं होतं. दार उघडण्याआधीच त्यांचं अवसान गळालं. दाराच्या आतल्या बाजूला, कडीशेजारी, एक कागद चिकटवलेला होता: "कुलूप लावलं का? ओढून बघ." स्वयंपाकघरात शेगडीच्या वर दुसरा: "गॅस बंद. दोनदा बघ." फ्रिजवर, नळावर, औषधांच्या डब्यावर. सगळीकडे तिचं ते वहीतलं वळणदार अक्षर.

"बाबासाठी लावलेस?" मास्तरांनी विचारलं.

"बाबांना आता वाचता कुठे येतं, काका." तिने चहाचा कप पुढे केला. "माझ्यासाठी."

मास्तरांनी कप घेतला.

"खूप आठवून पाहिलं हो मी," ती म्हणाली. "खिडकी आठवते, फोन आठवतो. तुम्हाला चावी देतानाचं काहीच आठवत नाही. एवढंसुद्धा नाही. बाबांचंही असंच सुरू झालं होतं ना? आधी एखादीच गोष्ट. डॉक्टर म्हणाले होते, घराण्यात उतरू शकतं. नोकरी जाईल ती जाईल, मला त्याचं एवढं नाही. पण उद्या मीच दार उघडून कुठेतरी चालायला लागले, तर बाबांकडे कोण बघेल?"

आत्ता सांग, मास्तर मनातल्या मनात स्वतःवर ओरडले. आत्ता! अरे, तोंड उघड की! आणि त्यांनी तोंड उघडून चहाचा घोट घेतला.

खिडकीशी खुर्चीत जोडीदार बसला होता. केस विंचरलेले, शर्टाची बटणं नीट लावलेली. मास्तरांकडे तो परक्यासारखा बघत होता. मास्तर जवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय गड्या, ओळखलंस का?"

जोडीदाराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तो त्यांच्या खिशाकडे बघत राहिला. मग अगदी रोजच्या, कामाच्या आवाजात म्हणाला, "माझी चावी तुझ्याकडे आहे ना? राहू दे. पंखा लागतो रे दुपारचा."

"बघा," चावीताई कसनुसं हसली. "कुठली चावी अन् कुठला पंखा. हल्ली काहीही बोलतात."

मास्तर तिथून निघाले ते जिना कसा उतरले त्यांना कळलं नाही. त्या घरात सगळं विसरलेला माणूस खरं बोलत होता, ज्याला सगळं लख्ख आठवत होतं तो चहा पीत होता, आणि ती शहाणी पोर स्वतःच्या डोक्यावर संशय घेत गॅस दोनदा तपासत होती. एकतीस वर्षं जी मान ताठ ठेवून ते फिरले होते, ती रस्त्यात वर होईना. एका दुकानाच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि ते पटकन रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

शुक्रवारी अकराला साहेबांच्या खोलीत चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. लंबू कुबड्या घेऊन आला होता, पाय प्लास्टरमध्ये. चावीताईने इस्त्री केलेले कपडे घातले होते, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. साहेबांना हे सगळं लवकर उरकायचं होतं; त्यांना असली कामं जमत नसत.

"ताईंनी लिहून दिलंय," त्यांनी कागद उचलला. "वाचतो. 'चार नंबरची चावी मी वेळेआधी दिल्याचं मला आठवत नाही. पण मास्तर कधी खोटं बोलत नाहीत. म्हणजे ती मीच दिली असणार. लंबूची मी माफी मागते. माझी तब्येत तपासून घेण्याची माझी तयारी आहे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "मास्तर, तुम्ही लिहून द्यायची गरज नाही. तुमचा शब्द बस आहे मला. नुसतं हो म्हणा, म्हणजे मी हे बंद करतो."

नुसतं हो म्हणायचं होतं. मागच्या वेळी तर मान हलवूनच भागलं होतं. मास्तरांना समोर ते शिकवायचं काम दिसत होतं, नव्या पोरांचे चेहरे दिसत होते, वीस जणांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. त्यांनी खिशात हात घातला. लाल दोऱ्याची चावी त्यांनी टेबलावर ठेवली. मग दुसरी काढली, बिनदोऱ्याची, आणि तिच्या शेजारी ठेवली.

लंबूने आधी दोन्ही चाव्यांकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे.

"ही तिच्या बापाची," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येत नव्हता. "हरवली म्हणून मी खोटं लिहून दिलं होतं. त्या दिवशी गाडी हिच्यावर हलवली मी. दणके मोजले आणि घाई केली. खरी चावी खुंटीवरच होती. तुम्ही सगळे लंबूकडे धावलात तेव्हा मी ती खुंटीवरून काढली. चोरली म्हणा. पोरीने काही दिलं नाही. तिचा काहीएक दोष नाही."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "मास्तर," ते म्हणाले. मग पुन्हा, "मास्तर, तुम्ही?" रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. घरातल्या थोरल्या माणसाला भलत्याच ठिकाणी बघितल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

चावीताई पुढे वाकली. "म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही, बाळ."

"नक्की? चावी मी दिलीच नव्हती?"

"नाही दिलीस. शप्पथ."

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे."

आणि ती रडायला लागली. एवढी मोठी बाई, साहेबांसमोर, हुंदके देऊन रडली. सुटका झाल्यावर माणूस रडतं तशी. बराच वेळ. मास्तरांना वाटलं, आता ही डोळे पुसेल आणि आपल्याकडे बघेल, काहीतरी बोलेल. तिने डोळे पुसले. पर्स उघडली, त्यातून चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढला आणि टेबलावर चाव्यांच्या शेजारी ठेवला. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "आज शुक्रवार. अकराला ऑफिस." मग ती लंबूला हात देऊन उठवायला लागली. मास्तरही पुढे झाले. लंबूने कुबडी मध्ये घातली. "राहू द्या," तो म्हणाला.

शिकवायचं काम गेलं, ते जाणारच होतं. गाडीही गेली. आणि सोमवारपासून सगळ्या गाड्यांना कॅमेरे बसवायला घेतले, चार नंबरपासून सुरुवात. "तुम्हीच म्हणाला होता, मास्तर," साहेब खाली बघत म्हणाले. ड्रायव्हरांच्या खोलीत मास्तर शिरले. पाठ थोपटायला कुणी उठलं नाही. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांचं नाव लाल नव्हतं, हिरवंही नव्हतं. यादीत ते नव्हतंच.

गाडी कंपनीच्या ताब्यात द्यायची सही तेवढी राहिली होती. ती खिडकीतच व्हायची. मास्तर रांगेत उभे राहिले, पुढे तीन ड्रायव्हर, मागे पाच. खिडकीवर नवा कागद लागला होता, त्याच वळणदार अक्षरात: "चावी देताना खिसे उलटे करून दाखवावेत." पुढचे तिघं कुरकुरत खिसे दाखवून गेले. हे कुणामुळे करावं लागतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर खिडकीशी आले. गेले चार दिवस ते एकच वाक्य घोळवत होते. माफ कर, पोरी. तेवढंच. चावीताईने वही पुढे सरकवली आणि ओळीवर बोट ठेवलं.

"ड्रायव्हर, इथे सही."

एवढ्या वर्षांत ती त्यांना काकाशिवाय दुसरं काही म्हणाली नव्हती. त्यांनी सही केली.

"दुसरी चावी?"

"शुक्रवारीच दिली, पोरी. तुझ्यासमोर."

"नियम सगळ्यांना आहे. खिसे."

तिच्या आवाजात राग नव्हता, सूड नव्हता. तिला फक्त बघायचं होतं. त्यांच्या शब्दावर आता तिचं भागत नव्हतं. मास्तरांनी आधी उजवा खिसा उलटा केला, मग डावा, मग आतला. एक रुमाल, एक पेन, बसचं तिकीट. तिने प्रत्येकाकडे नीट पाहिलं, वहीत खूण केली आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "पुढचे या."

मास्तर बाजूला झाले. डॉकवर चार नंबर उभी होती, काचेवर अंगठ्याएवढा कॅमेरा बसवून एक माणूस वायर ओढत होता. मास्तर तिच्याजवळून गेले तरी त्यांनी वर पाहिलं नाही. सगळं आवार ओलांडून ते फाटकाशी पोचले, तेव्हा वॉचमनने हाक मारली.

"मास्तर, अहो, खिसे! बाहेर लोंबतायत दोन्ही. आत घाला की, रस्त्यात लोक काय म्हणतील?"

मास्तरांनी खाली पाहिलं. पांढरे खिसे दोन्ही बाजूंना लोंबत होते. ते आत घालायला त्यांनी हात नेला आणि मध्येच थांबवला.

"मास्तर म्हणू नकोस," ते म्हणाले, आणि तसेच बाहेर पडले.